घरोघरच्या चिंध्या

बांबूचे एक कडे, त्याला गुंडाळलेली तांबडी पट्टी. कड्यातून तांबड्या दोऱ्याचे 5 सर खाली सोडलेले आणि प्रत्येक सरात ओवलेल्या 11 कापडी वस्तू: पीचचे फळ, माकड, ससा, रांगते मूल, चपलांचा जोड, लाल मिरची, भाताचे पोते. एका कड्याला 55 वस्तू झाल्या. कडी जोडीने लावायची असतात, म्हणजे 110. जपानमध्ये शिझुओका प्रांतात, इझु द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर इनातोरी नावाचे मासेमारीचे गाव आहे. मुलींच्या सणाआधी तिथल्या घरांत ही झुंबरे टांगली जातात. त्यांना ‘त्सुरुशिबिना’ म्हणतात, म्हणजे टांगलेल्या बाहुल्या. आपल्याकडच्या पाळण्यावरच्या चिमणाळ्याची जपानी मावशी म्हणावी, इतके दोन्हींत साम्य आहे. पण या मावशीचे कूळ वेगळे आहे, आणि ते सुरू होते बाहुल्यांच्या एका महागड्या सणापासून.

तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी अंगावरची इडापिडा कागदाच्या बाहुलीवर उतरवायची आणि ती बाहुली नदीत सोडून द्यायची, ही जपानमधली फार जुनी रीत. दुसरीकडे दरबारातल्या मुली लहानशा बाहुल्यांशी खेळत. पुढे या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या. सतराव्या शतकात तोकुगावा राजवटीखाली शांतता आली, शहरे फुगली, व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खुळखुळू लागला आणि नदीत सोडायच्या बाहुल्या घरात मांडायच्या झाल्या. सम्राट, सम्राज्ञी, तीन दासी, पाच वादक असा सगळा दरबार तांबडे कापड अंथरलेल्या पायऱ्यांवर बसू लागला. पूर्ण मांडणी म्हणजे 7 पायऱ्या आणि 15 बाहुल्या. श्रीमंतांची चढाओढ इतकी वाढली की 1721 मध्ये शोगुनच्या सरकारने सुमारे 24 सेंटिमीटरपेक्षा उंच बाहुल्यांवर बंदी घातली.

हा हुकूम ज्यांच्यासाठी होता त्यांनी पळवाटा काढल्या. कोळ्याच्या किंवा शेतकऱ्याच्या घरी मात्र 24 सेंटिमीटरची बाहुलीही परवडणारी नव्हती. मुलगी जन्मली, तिचा पहिला सण आला आणि मांडायला काहीच नाही, अशी वेळ आली की त्या घरच्या आई-आजी जुन्या किमोनोंच्या चिंध्या काढून बसत. एदो काळाच्या, म्हणजे याच तोकुगावा राजवटीच्या, उत्तरार्धात इनातोरीत त्सुरुशिबिना सुरू झाली ती अशी.

चिंध्या कुठून येत, हे समजायला किमोनोची बेतणी पाहावी लागते. साधारण 36 ते 38 सेंटिमीटर पन्ह्याचे आणि सुमारे 12 मीटर लांबीचे एक ठाण. त्याचे सरळ रेषेत 8 तुकडे कापायचे आणि धावदोऱ्याने जोडायचे. गोलाई नाही, त्यामुळे कातरण जवळजवळ पडतच नाही. चांगला किमोनो धुवायचा तर शिवण उसवून सगळे तुकडे सुटे करायचे, धुऊन ताणून वाळवायचे आणि पुन्हा शिवायचे. विरलेला भाग आत दडवायचा. मोठ्यांचा किमोनो झिजला की त्यातून लहान मुलाचा निघे, त्यातून पिशवी, पिशवीतून पोतेरे. म्हणजे चिंधी हातात येई तेव्हा ती तीन-चार जन्म जगून आलेली असे. कुठल्या चिंधीवर आजीच्या लग्नाचा रंग आहे आणि कुठली काकूच्या अंगावर विरली, हे घरातल्या प्रत्येकीला ठाऊक असे.

या कामात सगळ्यांत मानाचे कापड म्हणजे चिरिमेन, सुरकुत्यांचे रेशमी क्रेप. 1720 मध्ये किनुया साहेइजी नावाच्या विणकराने क्योतोच्या निशिजिन पेठेतली ही विद्या तांगो भागात नेली आणि तेव्हापासून तांगो चिरिमेनचे माहेर झाले. त्याच्या आडव्या धाग्याला मीटरमागे तीन हजारांच्या आसपास पीळ असतो. दोन धागे उजव्या पिळाचे, दोन डाव्या पिळाचे असे आलटून पालटून विणतात. मागावरून उतरते तेव्हा कापड सपाटच असते. साबणाच्या पाण्यात उकळून रेशमाचा डिंक काढला की पीळ मोकळे व्हायला धडपडतात, कापड आटते आणि त्यावर बारीक दाणेदार सुरकुत्या उठतात. या सुरकुत्यांमुळेच कापड ताणले जाऊ शकते. आत कापूस भरला की ते चुण्या न पडता गोल होते. पीचची फुगीर गालफडे साध्या सपाट रेशमातून निघणार नाहीत. शेतकऱ्यांनी सूत आणि तागच वापरावे, असे हुकूम त्या काळी होते. त्यामुळे गरीब घरी चिरिमेनचा एखादा तळहाताएवढा तुकडा आला, तर तो फळासाठी किंवा बाळाच्या अंगरख्यासाठी राखून ठेवत. बाकीच्या वस्तू सुती कापडावर भागत.

इनातोरीच्या झुंबरात तीन वस्तू हव्यातच: पीच, माकड आणि तिकोनी पिशवी. पीच भूतबाधा दूर ठेवते आणि आयुष्य वाढवते, ही समजूत चीनमधून आली. माकडाला जपानीत ‘सारू’ म्हणतात आणि निघून जाण्यालाही ‘सारू’च. म्हणून माकड टांगले की पीडा निघून जाते. तिकोनी पिशवी औषधाची किंवा सुगंधी द्रव्याची. ती टांगली की आजार येत नाही. बाकीच्या वस्तू म्हणजे मुलीसाठी केलेल्या मागण्यांची यादीच आहे. रांगत्या मुलासारखी ती धडधाकट वाढो, चपला घालून लवकर चालो, भाताचे पोते कधी रिकामे न पडो. मिरची कपड्यांच्या पेटीत कीड लागू देत नाही, तशी ती वयात आलेल्या मुलीच्या मागे ‘किडे’ लागू देणार नाही, असे बायका हसत सांगतात.

कापडी माकड करायला सगळ्यांत सोपे. एक चौकोनी तुकडा घ्यायचा, चारही टोके पोटाशी आणून टाके घालायचे, मध्ये कापूस भरायचा आणि वर एक गोळा डोके म्हणून शिवायचा. ही युक्ती इनातोरीची एकटीची नाही. क्योतोच्या यासाका कोशिन्दो मंदिरात हातपाय बांधलेल्या अशाच रंगीबेरंगी माकडांच्या माळाच्या माळा लटकतात. तिथे ती माणसाच्या बेलगाम हावेला घातलेली वेसण समजली जाते.

पण 110 वस्तू एका बाईने शिवायच्या नसत. या प्रथेचा सगळा जोर इथेच आहे. आजी, मावशी, आत्या, शेजारीण, ज्या कुणाला बाळ हवेहवेसे वाटले, ती आपल्या घरच्या चिंधीतून एखादी वस्तू करून आणून देई. गरिबीने सुरू झालेल्या कामाला या देण्याने अर्थ मिळाला. जपानमध्ये या प्रथेची एक सख्खी बहीणही आहे. बाळ अशक्त निघाले किंवा आधीची मुले जगली नाहीत, तर शंभर घरांतून चिंध्या मागून आणत आणि त्या जोडून बाळाला अंगरखा शिवत. त्याला ‘ह्याकुतोकु’ किमोनो म्हणतात. कानाझावाच्या शिन्जोजी मंदिरात असे अंगरखे आजही जपलेले आहेत. ज्या घरातली माणसे जगली-वाचली, त्या घरचे कापड अंगाला लागले की त्यांच्या आयुष्याचा वाटा बाळाला मिळतो, ही त्यामागची श्रद्धा. त्सुरुशिबिनातली चिंधीही अशीच, कुणाच्या तरी आयुष्यातून उसनी घेतलेली. नव्याकोऱ्या कापडाला हे काम जमले नसते.

याच कुळाच्या आणखी दोन शाखा आहेत. क्यूशू बेटावरच्या, कालव्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध असलेल्या यानागावात या झुंबराला ‘सागेमोन’ म्हणतात. किल्ल्यातल्या दासींनी किमोनोच्या तुकड्यांतून ते पहिल्यांदा केले, असे तिथे सांगतात. त्यात 7 सर, प्रत्येक सरात 7 वस्तू आणि मध्ये रंगीत दोऱ्यांनी विणलेले दोन मोठे चेंडू असतात. बेरीज 51. त्या काळी माणसाचे आयुष्य 50 वर्षांचे धरत; मुलीला त्यावर एक वर्ष जास्त मिळावे म्हणून 51. तिसरी शाखा उत्तरेला, साकाता बंदरात. तिथे चिंध्यांच्या वस्तू छत्रीच्या काड्यांना टांगतात आणि त्या छत्रीला ‘कासाफुकु’ म्हणतात. 1672 मध्ये साकाताहून पश्चिम किनाऱ्याने ओसाकाकडे जाणारा जलमार्ग पक्का झाला. जाताना तांदूळ आणि बेनिबाना जाई, परतीच्या जहाजांतून सूत आणि जुने कपडे येत. बेनिबाना म्हणजे आपली करडई. मराठवाड्यात ती तेलासाठी पेरतात, साकातामागच्या मोगामी नदीच्या खोऱ्यात तिच्या पाकळ्यांपासून क्योतोच्या रेशमाला चढणारा लाल रंग काढत. त्या रंगाचे कापड जुने होऊन चिंधीच्या रूपात उत्तरेकडे परतू शके.

1873 मध्ये जपानने पाश्चात्त्य दिनदर्शिका घेतली आणि बाहुल्यांचा सण 3 मार्चला आला. सणाच्या वेळचा पीचचा बहर मागे राहिला. यानागावात मात्र सागेमोन एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत उतरवत नाहीत. त्याच मेइजी काळात मुलींच्या शाळांत शिवणकाम आले आणि चिरिमेनच्या छोट्या पिशव्या, फळे, पक्षी करणे हा हात बसवण्याचा धडा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र सगळेच आटले. रोजच्या वापरातून किमोनो गेला, तशा चिंध्याही गेल्या. हप्त्याने का होईना, दुकानातल्या बाहुल्या घेता येऊ लागल्या. टांगलेली माकडे गरिबीची खूण वाटू लागली.

1990 च्या दशकात इनातोरीच्या महिला मंडळाने ही प्रथा पुन्हा उभी केली. त्यांना एक अडचण आली. नमुने फारसे नव्हते. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन गेली की तिची झुंबरे जानेवारीतल्या होळीत, दोन्दोयाकीत, जाळून टाकायची, असा गावचा नेम होता. झुंबरांची कामगिरी पुरी झाली, आता त्यांना निरोप, असा त्यामागचा भाव. त्यामुळे म्हाताऱ्या बायकांच्या बोटांत जे उरले होते, त्यावरूनच सगळे पुन्हा शिकावे लागले.

आता इनातोरी हिवाळ्याच्या शेवटी पर्यटकांनी भरते. दुकानांत कापून ठेवलेले तुकडे, कापूस, दोरा आणि सूचनापत्रक असा संच मिळतो. कापड बहुधा रेयॉनचे किंवा पॉलिस्टरचे चिरिमेन असते, कुणाच्याही अंगावर न विरलेले. एकटीने बसून त्यातून 55 वस्तू करता येतात आणि त्या सुबकही होतात. तरी त्या झुंबरात मुलीच्या वाट्याला एकाच बाईचे आयुष्य येते. जुन्या हिशेबाने ते कमी पडते. संच विकत घ्यायला हरकत नाही. पण निदान एक माकड शेजारणीकडून मागून आणावे, तिच्या घरच्या चिंधीचे, वाकडे असले तरी चालेल.