पाणविंचू आणि पाणढेकूण

गोड्या, संथ पाण्यातले दोन शिकारी कीटक. दोघेही ढेकणांच्या गणातले (हेमिप्टेरा). यांना खाडीचे किंवा मिठागराचे खारे पाणी मानवत नाही. त्यांना हवे शेवाळाचे, पाणवनस्पतींचे गोडे तळे.

पाणविंचू (लॅकोट्रेफिस) चपटा, मातकट. पुढचे दोन पाय विंचवाच्या चिमट्यांसारखे, म्हणून हे नाव; खऱ्या विंचवाला आठ पाय असतात, याला सहाच. मागची लांब शेपटी म्हणजे डंख नव्हे, श्वासनळी आहे. दोन अर्धनळ्या जुळून ती बनते. तिचे टोक पाण्याबाहेर काढून तो गाळात कुजक्या पानासारखा निश्चल बसतो आणि भक्ष्य जवळ येण्याची वाट पाहतो.

पाणढेकूण (डिप्लोनिकस) लंबगोल, तपकिरी, चांगला पोहणारा. लांब श्वासनळीऐवजी त्याला आखूड श्वासपट्ट्या असतात. हवेचा साठा पंखांखाली राहतो. त्याचे खरे वैशिष्ट्य पितृत्वात आहे. मादी नराच्या पाठीवरच अंडी चिकटवते. कणसाच्या दाण्यांसारखी दाटीने बसलेली ही अंडी घेऊन नर वारंवार पृष्ठभागाशी येतो, त्यांना हवा मिळवून देतो आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत ओझे वाहतो. पाणविंचवाचा नर असे काही करत नाही.

दोघेही सोंडेने भक्ष्यात पाचक लाळ सोडून आतला रस शोषतात. पाणढेकूण डासांच्या अळ्यांचा फडशा पाडतो, म्हणून शहरी तळ्यात तो मोलाचा. हातात धरल्यास दोघांचाही चावा झोंबतो. तळ्याचे काठ सिमेंटने बांधून वनस्पती उपटल्या, की दोघांचाही आडोसा जातो.