उशिरा पोहोचलेला निवेदक : ‘श्यामची आई’ची दोन माध्यमांतरे

साहित्यकृतीवरून चित्रपट निघाला की मराठीत बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : मूळ कृतीतले काय गाळले? पात्रे आणि प्रसंग यांची यादी दोन्हीकडे जुळवून पाहिली जाते आणि तिच्या आधारे चित्रपटाला निष्ठेचे गुण दिले जातात. कथात्म साहित्यात प्रसंग हे केवळ आशयद्रव्य असते. ते कोण सांगतो, केव्हा सांगतो आणि कोणत्या अंतरावरून सांगतो यांतून त्याचा अर्थ घडतो. पडद्यावर या अंतराचे काय होते हा अधिक मूलगामी प्रश्न आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर सत्तर वर्षांच्या अंतराने निघालेले दोन चित्रपट त्याच्या तपासणीसाठी विशेष उपयुक्त ठरतात.

‘श्यामची आई’चे लेखन मुख्यतः फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात झाले आणि पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा रूपबंध बेचाळीस ‘रात्रीं’चा आहे. प्रौढ श्याम आश्रमातील मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. म्हणजे या पुस्तकातील आई वाचकाला कधीच थेट भेटत नाही, ती सांगणाऱ्याच्या स्वरातूनच भेटते. शीर्षकातील षष्ठी विभक्ती या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ही ‘एक आई’ नव्हे. एका मुलाच्या स्मृतीने आणि अपराधभावनेने घडवलेली ती ‘श्यामची’ आई आहे.

या अपराधभावनेचे मूळ पुस्तकाच्या अखेरीस उलगडते. आईच्या शेवटच्या आजारात श्याम शिक्षणासाठी परगावी असतो. ती गेल्यानंतर तो घरी पोहोचतो, आणि एक्केचाळिसाव्या रात्रीचे शीर्षक आहे ‘भस्ममय मूर्ती’. तिच्या अखेरच्या दिवसांविषयी तो जे सांगतो ते त्याने पाहिलेले नाही. ज्या वेळी असायला हवे होते त्या वेळी नसलेल्या मुलाचे हे कथन आहे. सांगणे हाच त्याचा उशिरा पोहोचण्यावरचा उतारा आहे. ‘श्यामची आई’वर बोधवादाचा आक्षेप घेतला जातो, परंतु प्रत्येक आठवणीच्या शेवटी निवेदक रेंगाळतो, गहिवरतो, तात्पर्य सांगतो, त्यामागे या उशिराची जाणीव आहे हे त्या आक्षेपात लक्षात घेतले जात नाही.

१९५० मध्ये साने गुरुजींचे निधन झाले. तीन वर्षांनी आचार्य अत्रे यांनी निर्मिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘श्यामची आई’ प्रदर्शित झाला आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. ‘सिकंदर’सारख्या भव्य हिंदी चित्रपटाची नायिका असलेल्या वनमाला यांनी कोकणातील दरिद्री गृहिणीची भूमिका केली, तर माधव वझे यांनी बालश्यामाची. त्या भूमिकेतील वनमालांच्या संयमाबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. पण येथेच माध्यमांतराचा मूळ पेच उभा राहतो. चित्रप्रतिमेला भूतकाळ नसतो. पडद्यावर जे दिसते ते दिसण्याच्या क्षणी घडत असते. निवेदकाचा आवाज आरंभी वा अखेरीस जोडला तरी प्रेक्षक आईकडे श्यामच्या आठवणीतून पाहत नाही, तो तिला स्वतःच पाहतो.

पोहण्याचा प्रसंग हे याचे चांगले उदाहरण आहे. पाण्याला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई मारते आणि पोहायला पाठवते. पुस्तकात हा मार एका प्रौढाने कृतज्ञतेने आठवलेला आहे, त्या माराचा अर्थ लागल्यानंतरच तो वाचकापर्यंत येतो. चित्रपटात फटका आधी बसतो. त्याचा अर्थ आईच्या मुद्रेवर शोधावा लागतो. त्यामुळे अभिनेत्रीवर निवेदकाचेही काम येऊन पडते. वनमालांनी ते पेलले हे चित्रपटाचे यश. पण त्याच यशामुळे शीर्षकातील षष्ठी सैल झाली. श्यामची आई सर्वांची आई झाली, आदर्श मातृत्वाची प्रतिमा झाली. ‘छडी लागे छम छम’ आणि ‘भरजरी गं पितांबर’ ही अत्रे यांची गीते वसंत देसाई यांच्या संगीतासह घरोघरी पोहोचली आणि त्यांनी हे सार्वत्रिकीकरण पुरे केले. श्यामचा पश्चात्ताप मात्र मागे राहिला. निवेदक जिथे उशिरा पोहोचला तिथे कॅमेरा वेळेवर हजर असतो. मूळ कृतीतील सर्वांत वेदनामय उणीव चित्रपट केवळ आपल्या स्वभावधर्मानेच भरून काढतो.

सुजय डहाके यांनी दिग्दर्शित केलेला २०२३ चा ‘श्यामची आई’ या उणिवेकडे परत वळतो. तो कृष्णधवल आहे, आणि स्वातंत्र्यलढ्यातील साने गुरुजींची व्यक्तिरेखा ओम भूतकर यांनी त्यात उभी केली आहे. रंगाचा त्याग हा भूतकाळाची खूण प्रतिमेतच कोरण्याचा प्रयत्न म्हणता येईल, आणि प्रौढ गुरुजींची उपस्थिती हा निवेदकाला पडद्यावर परत आणण्याचा. ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. तथापि येथे दुसरे एक अंतर पुसले जाते. पुस्तकात सांगणारा ‘श्याम’ आहे, साने गुरुजी नव्हेत. आत्मचरित्रात्मक असूनही लेखकाने स्वतःला दुसरे नाव दिले आणि त्या आडपडद्यामुळेच त्याला इतके उघडपणे रडता आले. निवेदकाच्या जागी ऐतिहासिक पुरुष उभा राहताच आठवणींना पुढे घडलेल्या चरित्राचे समर्थन मिळते. श्याम चुकणारा मुलगा न राहता भावी गुरुजी होतो.

यावरून दोन्ही चित्रपट अपुरे ठरतात असे मात्र नव्हे. अळणी भाजीची आठवण या संदर्भात विचारात घेण्यासारखी आहे. आई मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, मुलेही गप्प राहतात, आणि आईला ते स्वतः जेवताना कळते. हे मौन पुस्तकात शब्दांनीच सांगावे लागते. चित्रपटाला ते नुसते दाखवता येते, आणि अशा जागी पडदा छापील पानापेक्षा समर्थ ठरू शकतो. निवेदकाची उपस्थिती मौनाला अडथळा होते आणि अनुपस्थितीला आधार होते. चित्रपटात याच्या नेमके उलट घडते.

माध्यमांतराचे मूल्यमापन म्हणूनच प्रसंगांच्या हिशेबावर थांबू शकत नाही. मूळ कृतीत सांगणारा आणि सांगितले गेलेले यांच्यात जे नाते होते त्याच्या जागी चित्रपटाने कोणते नाते उभे केले हे पाहावे लागते. १९५३ च्या चित्रपटाने आईला निवेदकाच्या शोकातून मुक्त केले, २०२३ च्या चित्रपटाने तिला पुन्हा मुलाच्या स्वाधीन केले, पण त्या मुलाचे नाव बदलून. आई गेल्यावर घरी पोहोचलेला तो मुलगा अजून पुस्तकातच आहे.