वारणेचे दोन काठ आणि रानाची शाळा

१३ एप्रिल १७३१ रोजी साताऱ्याचे शाहू छत्रपती आणि कोल्हापूरचे संभाजी छत्रपती यांच्यात वारणेचा तह झाला आणि एक नदी दोन राज्यांची हद्द बनली. पाथरपुंजच्या पठारावर उगम पावून हरिपूरला कृष्णेत मिसळणारी ही नदी आजही बऱ्याच अंतरापर्यंत सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांची सीमा आहे. आमची कोडोली तिच्या दक्षिण अंगाला. येथल्या उसाला जे पाणी मिळते ते चांदोलीच्या रानातून येते. त्या रानाशेजारच्या गावांत संवर्धन आणि शिक्षण यांची सांगड कशी घातली गेली, हे तपासताना मला सारखे जाणवत गेले की या गोष्टीची सुरुवात अभयारण्याच्या अधिसूचनेत शोधून चालत नाही. ती फार मागे आहे.

आधी देवराई. देवाच्या नावाने राखलेल्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, वाळले लाकूडही घरी न्यायचे नाही, हा दंडक सह्याद्रीच्या गावोगावी होता. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात या राया शास्त्रीय पद्धतीने पाहिल्या आणि त्यांचे मोल अभ्यासकांपुढे मांडले. गाडगीळांनी श्रीवर्धनजवळच्या गाणी गावची हकिकत नोंदवली आहे. तेथली राई तोडायचे ठरले तेव्हा गावकऱ्यांनी ती वाचवा म्हणून आग्रह धरला, कारण राई गेली तर ओढा आटेल हे त्यांना ठाऊक होते. श्रद्धा होतीच, पण तिच्या पोटात पाण्याचा हिशेबही होता. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. जत्रा, मानपान आणि म्हाताऱ्यांच्या धाकातून ते पुढच्या पिढीकडे जाई.

त्यानंतर रान सरकारचे झाले. वारणेच्या उत्तरेकडचा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्याच्या सातारा जिल्ह्यात होता. १८७८च्या आणि पुढे १९२७च्या वन कायद्याने राखीव जंगलाच्या खुणा रोवल्या गेल्या. चराई, सरपण, शेताच्या राबासाठी लागणारा पाला या रोजच्या गरजा एकाएकी गुन्हा ठरू लागल्या. १९३० साली शिराळ्याजवळच्या बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला. लोकांनी सागाचे झाड तोडून त्याचा ध्वजस्तंभ उभारला. सरकारने बळाचा वापर करून तो लढा मोडला. राजूताई कदम यांचे नाव या लढ्यामुळे खोऱ्यात आजही आदराने घेतले जाते. तोडलेले झाड पाहून कोणी म्हणेल, हे लोक जंगलाचे शत्रू. मी तसे मानत नाही. जी माणसे राईतले वाळले लाकूड उचलत नव्हती, त्यांनीच सरकारी जंगलात कुऱ्हाड घातली. राई त्यांची होती, राखीव जंगल त्यांचे उरले नव्हते. फरक एवढाच होता, आणि तो फार मोठा होता.

याच काळात दोन्ही काठांवर शाळा आली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पलीकडे कऱ्हाड तालुक्यात काले येथे १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. हे भाऊराव मूळचे आमच्याच जिल्ह्यातले, जन्म कुंभोजचा. संस्थेचे बोधचिन्ह त्यांनी वटवृक्ष ठेवले. शेतात राबणारे पोर आणि शिकणारे पोर एकच असू शकते, ही त्यांची दृष्टी. रानाच्या बाबतीत मात्र ही दृष्टी कोणी लावली नाही. वाडीवरचे मूल शाळेत आले ते रानातले सगळे ज्ञान उंबऱ्याबाहेर ठेवून.

स्वातंत्र्यानंतर १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झाले. कोल्हापूरच्या राजघराण्याचे शिकारीचे रान प्राण्यांच्या आसऱ्याचे झाले. चांदोलीचे अभयारण्य १९८५चे. २००४ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत चांदोलीचे नाव गेले. चढत्या क्रमाने मिळालेल्या या मानाची किंमत आतल्या गावांनी मोजली. झोळंबी, गोठणे, निवळे, रुंदिव ही आज पर्यटकांना पठारे आणि पाणवठे म्हणून माहीत असलेली नावे एके काळी गावांची होती. तेथली माणसे शाहूवाडी, हातकणंगले, वाळवा अशा तालुक्यांतल्या वसाहतींत उतरली. जमीन, पाणी, निर्वाहभत्ता यांसाठी त्यांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. श्रमिक मुक्ती दल आणि डॉ. भारत पाटणकर यांचे नाव त्या लढ्याशी जोडलेले आहे.

सरकारी धोरणही या काळात बदलत गेले. १९९२ साली राज्याने संयुक्त वन व्यवस्थापन स्वीकारले. पुढे संत तुकाराम वनग्राम योजना आली. २०१५ साली डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना सुरू झाली, आणि व्याघ्र प्रकल्पांच्या कडेच्या गावांत ग्राम परिस्थितीय विकास समित्यांमार्फत गॅस, कुंपण, रोजगार यांची कामे होऊ लागली. ही कामे मोलाची आहेत. चुलीचे लाकूड वाचले की बाईची पायपीटही वाचते आणि झाडही. परंतु यातले शिक्षण एकाच दिशेने वाहते. अधिकारी सांगतो, गाव ऐकते. मुलांना वाघाचे चित्र रंगवायला मिळते. आजोबांच्या गावच्या राईत कोणते झाड कोणत्या महिन्यात फुलायचे, हे त्यांना कोणी विचारत नाही.

उलट दिशेची सोय कायद्यात आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. या नोंदवहीची कल्पना रुजवण्यात गाडगीळांचा वाटा मोठा. गावच्या जाणत्यांनी सांगावे, मुलांनी लिहावे, शिक्षकांनी तपासावे, असे ते काम होऊ शकते. माझे म्हणणे इतकेच आहे की ही नोंदवही जंगलाच्या कडेला थांबू नये. ती पुनर्वसन वसाहतींतल्या शाळांतही यावी. ज्यांनी रान सोडले त्यांच्याजवळ त्या रानाची सर्वांत जुनी माहिती आहे: झऱ्यांची ठिकाणे, औषधी मुळ्या, गव्यांच्या वाटा, देवरायांची नावे. आणि हे सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

नोव्हेंबर २०२५मध्ये ताडोबाहून वाघीण चांदोलीत आणली गेली. ती रुजावी, असे मलाही मनापासून वाटते. वाघ दुसऱ्या रानातून आणता येतो. झोळंबीच्या म्हातारीची आठवण मात्र कुठूनही आणता येणार नाही. ती उतरवून घ्यायला एक वही, एक शिक्षक आणि पाचवी-सहावीतली चार चुणचुणीत पोरे पुरेशी आहेत. वारणेचे पाणी वापरणाऱ्या आम्हा खालच्या गावांनी या कामाचा खर्च उचलावा, तो आमच्याकडूनच त्या वरच्या गावांना देणे लागतो.