इझाक, झ्यूल
(१८ नोव्हेंबर १८७७ – सप्टेंबर १९६३). फ्रेंच इतिहासकार, शिक्षणाधिकारी आणि ज्यूद्वेषविरोधी चळवळीतील अग्रणी. जन्म रेन येथे. माले-इझाक या पाठ्यपुस्तकमालेतून फ्रान्सच्या कित्येक पिढ्या इतिहास शिकल्या. सार्वजनिक शिक्षण खात्यात ते महानिरीक्षक होते. पण १९४० मध्ये व्हिशी सरकारच्या ज्यूविरोधी कायद्याने त्यांना पदावरून दूर केले. १९४३ मध्ये रियों येथे त्यांच्या कुटुंबीयांना अटक झाली. ते स्वतः त्या वेळी बाहेर असल्याने वाचले. पत्नी व मुलगी यांची आउश्विट्झ छळछावणीत हत्या झाली. हाती घेतलेला ग्रंथ पुरा करा, असा निरोप पत्नीने कैदेतून धाडला होता. येशू आणि इझ्राएल यांवरचा तो ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

ज्यूंना ख्रिस्ताचे मारेकरी ठरवणारी शिकवण शतकानुशतके धर्मशिक्षणातून व प्रवचनांतून मुलांच्या मनात रुजवली गेली. ती गॉस्पेलमधून निघत नाही, असे त्यांनी मूळ वचने तपासून दाखवले. द्वेष शिकवला जातो, म्हणून तो शिकवणीतूनच काढता येतो, ही त्यांची भूमिका होती. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याच्या अनुभवाचे बळ तिच्यामागे होते. ज्यूद्वेषाविरुद्ध १९४७ मध्ये भरलेल्या झेलिसबर्ग परिषदेने ख्रिस्ती शिकवणीसाठी मांडलेल्या दहा मुद्द्यांना त्यांच्या टिपणाचा आधार होता.

१३ जून १९६० रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांनी पोप तेविसावे जॉन यांना भेटून ज्यूंविषयीच्या चर्चच्या शिकवणीत दुरुस्तीची मागणी केली. आशा बाळगू का, असे त्यांनी विचारताच पोपनी होकार दिला. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ज्यूंवरील सामूहिक दोषारोप नाकारला. इझाक तेव्हा हयात नव्हते.