लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी

लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी (एलपीए) : इंग्लंड व वेल्समधील मुखत्यारपत्राचा एक प्रकार. लिहून देणाऱ्याची निर्णयक्षमता गेल्यावरही तो चालू राहतो, आणि साध्या मुखत्यारपत्राहून त्याचे मुख्य वेगळेपण हेच आहे. मेंटल कपॅसिटी ॲक्ट, २००५ या कायद्याने तो निर्माण केला आणि १ ऑक्टोबर २००७ पासून तो करता येऊ लागला.

इंग्लिश न्यायपरंपरेत मुखत्याराचा अधिकार हा मूळ व्यक्तीच्याच अधिकाराचा अंश मानला जातो. मूळ व्यक्ती भानावर नसेल, तर तिच्या नावाने दुसऱ्यालाही काही करता येत नाही. ड्रू विरुद्ध नन (१८७९) या खटल्यातील पतीने पत्नीला आपल्या नावावर उधारी करू दिली होती. पुढे त्याला वेड लागले, तरी दुकानदार माल देत राहिला. बरा झाल्यावर पतीने पैसे द्यायला नकार दिला. आजाराची कल्पना नसलेल्या दुकानदाराला न्यायालयाने पैसे मिळवून दिले, पण आजारामुळे पत्नीचा अधिकार संपला होता हेही सांगितले. म्हणजे ज्या दिवसासाठी माणूस मुखत्यार नेमून ठेवतो, नेमका त्याच दिवशी कागद निकामी होत असे. १९८५ च्या कायद्याने ‘एन्ड्युरिंग पॉवर ऑफ ॲटर्नी’ आणून ही अडचण निम्मी दूर केली. तिची व्याप्ती पैसा आणि मालमत्तेपुरतीच होती, आणि लिहून देणाऱ्याला समज आहे का, हे तपासणारा त्रयस्थ माणूस तिच्यात नव्हता. ऑक्टोबर २००७ पूर्वी केलेली अशी पत्रे आजही चालतात. नवी करता येत नाहीत.

एलपीए दोन प्रकारचे असते. मालमत्ता व आर्थिक व्यवहारांच्या पत्रात बँक, घर, पेन्शन, बिले येतात. नोंदणी झाल्यावर, लिहून देणाऱ्याची संमती असल्यास, तो धडधाकट असतानाही ते वापरता येते. आरोग्य व कल्याणाच्या पत्रात उपचार, राहण्याची जागा, दैनंदिन देखभाल हे विषय येतात आणि ते निर्णयक्षमता गेल्यावरच लागू होते. पुष्कळ लोक पहिले करतात आणि दुसरे राहून जाते, कारण नवरा, बायको किंवा मुले डॉक्टरांशी बोलतीलच असा समज असतो. ती बोलू शकतात, त्यांचे मत विचारातही घेतले जाते. पण केवळ नात्यामुळे निर्णयाचा कायदेशीर अधिकार मिळत नाही.

लिहून देणाऱ्याचे वय किमान १८ असावे आणि सही करताना त्याला समज असावी. माहिती समजणे, ती पुरेसा वेळ लक्षात राहणे, तिचा तौलनिक विचार करणे आणि निर्णय कोणत्याही मार्गाने सांगता येणे, या कायद्याच्या चार कसोट्या आहेत. स्मृतिभ्रंशाचे निदान झाले म्हणजे समज संपली असे कायदा मानत नाही. उलट, अन्यथा सिद्ध होईपर्यंत ती आहे असेच धरून चालतो. निदानानंतरही पुष्कळांना एलपीए करता येते, मात्र दिरंगाईला जागा उरत नाही.

मुखत्यार एक किंवा अनेक असू शकतात. दिवाळखोर व्यक्तीला आर्थिक पत्रात मुखत्यार होता येत नाही. अनेक असतील तर त्यांनी ‘एकत्रित’ निर्णय घ्यायचा की ‘एकत्रित किंवा स्वतंत्रपणे’, हे ठरवावे लागते. इथे भावनेपेक्षा हिशेब बरा. तिन्ही मुलांना समान मान म्हणून सर्व निर्णय एकत्रित ठेवले, की प्रत्येक धनादेशाला तीन सह्या लागतात. शिवाय एकजण वारला किंवा बाजूला झाला, तर पर्यायी मुखत्यार नेमलेले नसल्यास सगळे पत्रच कोसळते. ‘एकत्रित किंवा स्वतंत्रपणे’ असे निवडून पुन्हा ‘निर्णय बहुमताने घ्यावेत’ अशी अट घालणे हीही नेहमीची चूक, कारण दोन्ही गोष्टी एकमेकींना छेद देतात. अर्जात बंधनकारक सूचना आणि केवळ इच्छा यांसाठी वेगळी जागा असते. मांसाहार देऊ नये, मंदिराजवळ राहायला आवडेल, अशा गोष्टी इच्छांमध्ये लिहिलेल्या बऱ्या.

सर्वांत कळीचा माणूस म्हणजे ‘सर्टिफिकेट प्रोव्हायडर’. लिहून देणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे समजते, त्याच्यावर दबाव नाही आणि फसवणूक होत नाही, असे तो सहीनिशी सांगतो. त्याची किमान दोन वर्षांची वैयक्तिक ओळख असावी, किंवा तो डॉक्टर, सॉलिसिटर, नोंदणीकृत समाजसेवक यांसारखा जाणकार असावा. लिहून देणाऱ्याचे किंवा मुखत्याराचे नातेवाईक या कामी चालत नाहीत. त्यामुळे काका, मेहुणे, सूनबाई सगळे बाद. शेजारी किंवा जुने सहकारी चालतात. त्याने लिहून देणाऱ्याशी शक्यतो एकांतात बोलावे, मुखत्यार समोर नसताना. मुलगा बाजूला बसून आईच्या वतीने उत्तरे देत असेल, तर या तपासणीला अर्थ राहत नाही.

सह्यांचा क्रम ठरलेला आहे : आधी लिहून देणारा, मग सर्टिफिकेट प्रोव्हायडर, मग मुखत्यार व पर्यायी मुखत्यार, शेवटी नोंदणीचा अर्जदार. हा क्रम उलटला तर अर्ज परत येऊ शकतो. लिहून देणाऱ्याच्या सहीला मुखत्यार साक्षीदार होऊ शकत नाही आणि मुखत्याराच्या सहीला लिहून देणारा. मुखत्यारांना मात्र एकमेकांच्या सह्यांना साक्ष राहता येते. आरोग्यपत्रात जीवरक्षक उपचारांबाबतचा अधिकार मुखत्याराला द्यायचा की नाही, यासाठी वेगळी सही लागते. हव्या असलेल्या पाचपर्यंत व्यक्तींना अर्जाची सूचना देता येते. हरकतीसाठी त्यांना तीन आठवडे मिळतात.

ऑफिस ऑफ द पब्लिक गार्डियनकडे नोंदणी होईपर्यंत या पत्राला काही बळ नाही. प्रत्येक पत्राचे शुल्क २०१७ पासून ८२ पौंड होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते ९२ पौंड झाले. दोन्ही पत्रे केली तर दोनदा भरावे लागते; वार्षिक उत्पन्न १२,००० पौंडांपेक्षा कमी असल्यास निम्मे. वकील नेमणे सक्तीचे नाही. पॉवर्स ऑफ ॲटर्नी ॲक्ट, २०२३ ने ही प्रक्रिया डिजिटल करण्याची वाट मोकळी केली आहे.

मुखत्याराला लिहून देणाऱ्याच्या हितासाठीच वागावे लागते, पैसे वेगळे ठेवावे लागतात, हिशेब ठेवावा लागतो. वाढदिवस, लग्न अशा प्रसंगी ऐपतीला शोभेल एवढीच भेट त्याला देता येते. नातवाला घर घेऊन देण्यासाठी कोर्ट ऑफ प्रोटेक्शनची परवानगी हवी. मृत्युपत्र करणे, मतदान करणे, विवाहाला संमती देणे हे त्याच्या हातात नाही. निर्णयक्षमता गेलेल्या व्यक्तीचा छळ किंवा हेळसांड केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. समज असेपर्यंत लिहून देणारा पत्र रद्द करू शकतो. तसेच त्याच्या मृत्यूबरोबर ते संपते. पती-पत्नींपैकी एक दुसऱ्याचा मुखत्यार असेल, तर घटस्फोटाने ती नेमणूकही जाते, पत्रात वेगळे लिहिले नसल्यास.

एलपीए नसताना समज गेली, तर कोर्ट ऑफ प्रोटेक्शनकडे अर्ज करून ‘डेप्युटी’ नेमून घ्यावा लागतो. तो कोण असावा हे न्यायालय ठरवते. वेळ व खर्च अधिक, आणि देखरेखीचे शुल्क दरवर्षी. स्कॉटलंडमध्ये २००० च्या वेगळ्या कायद्यानुसार ‘कंटिन्यूइंग’ व ‘वेल्फेअर’ अशी मुखत्यारपत्रे होतात. उत्तर आयर्लंडमध्ये एन्ड्युरिंग प्रकार टिकून आहे.

भारतात याला समांतर कागद नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मूळ व्यक्ती वारली किंवा तिची बुद्धी स्थिर राहिली नाही, की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणून लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी दांपत्याने तिथे एलपीए केले, तरी पुण्यातील सदनिकेसाठी निराळे कुलमुखत्यारपत्र लागते. ते परदेशात केल्यास महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे लागते, आणि कलम २०१ त्यालाही लागू असते. कोमात गेलेल्या व्यक्तीच्या मिळकतीसाठी पालक नेमून घ्यायला कुटुंबीय उच्च न्यायालयात रिट याचिका करतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील नामनिर्देशित प्रतिनिधी मानसिक आजाराच्या उपचारांपुरता असतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेले व २०२३ मध्ये सोपे केलेले आगाऊ वैद्यकीय निर्देश शेवटच्या टप्प्यातील उपचारांपुरते. बँकेच्या खात्याला दोन्हींचा उपयोग नाही.