ऐरणीच्या बाजूनं

इतिहासाच्या पुस्तकात लोखंड येतं ते राजाच्या कमरेला लटकून. तलवारीला नाव असतं, म्यानाला मखमल असते. ठोकणाऱ्याला नाव नसतं. मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. शाळा नववीला सुटली, पुढचं शिकलो ते वाचनालयात अन् कामावर. म्हणून हा इतिहास मी ऐरणीच्या बाजूनं वाचतो.

नागपूर जिल्ह्यात नायकुंडला जमिनीखाली लोखंड गाळायची भट्टी सापडली. अडीच हजार वर्षांहून जुनी. पुढे तेलंगणात कोनासमुद्रमसारख्या गावांत पोलाद होई. मातीच्या मुशीत लोखंड अन् लाकूड-पाला घालायचा, तोंड लिंपायचं अन् भट्टीत तापवायचं. लाकडातला कर्ब लोखंडात उतरे, त्याचं पोलाद बने. असल्या पोलादाच्या तलवारी दमास्कसच्या नावानं जगात गाजल्या. मूस लिंपणाऱ्याचं नाव कुणी टिपलं नाही.

१८१९ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडेनं या हिंदी पोलादाची तपासणी केली. फॅरडे कोण? लोहाराचा पोरगा, बुकबाइंडरकडचा उमेदवार, स्वतः वाचून शिकलेला. त्याला प्रयोगशाळेचं दार उघडलं. तेही सुखासुखी नाही, पण उघडलं. आपल्याकडे ज्याच्या हातात ही विद्या होती त्याला अक्षर बंद, अन् ज्याच्याकडे अक्षर होतं त्याला घणाला हात लावायचा विटाळ. हात एकीकडे, पोथी दुसरीकडे. विज्ञान मधल्या मधे मेलं.

त्या पोथीत लोखंडाचा उल्लेख आहे बरं का! मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं दागिने लोखंडाचेच घालावेत असा दंडक आहे. धातू तोच. क्षत्रियाच्या हातात गेला की शौर्य, आमच्या अंगावर आला की कलंक. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती पोथी जळाली, ती उगाच नाही.

ही विद्या आजही बघायची असेल तर आठवडी बाजारात घिसाड्याच्या पालावर जा. मी तिथंच सुरी करायला शिकलो. भंगारातून ट्रकच्या कमानीचा पाटा आणायचा. त्यात शंभर भागांत अर्ध्याच्या आसपास कर्ब असतो, म्हणून त्याला धार धरते. बांधकामाच्या सळईत तेवढा कर्ब नसतो, तिची सुरी मऊच राहते. पाटा लालभडक झाला की ठोकायचा, काळवंडला की हात थांबवायचा. गार पोलादावर घाव घातला तर तडकतं. पांढऱ्या ठिणग्या उडाल्या तर समजा, पोलाद जळालं. आकार आला की कानशीनं घासायचं, पुन्हा लाल करायचं, लोहचुंबक चिकटेनासं झालं की पाणी पाजायचं. मी बादलीकडे वळलो तर मावशी ओरडली, "पाण्यात नको रं बाबा, चीर जाईल! तेलात घाल." मग मंद आचेवर पात्यावर गव्हाच्या काडीचा पिवळा रंग येऊ द्यायचा. नाहीतर सुरी काचेसारखी फुटते.

काका सांडशी धरतात, घण मावशी मारते. कर्बाचं नाव तिला ठाऊक नाही, पण त्याचा रंग तिला ठाऊक आहे. हिला अडाणी म्हणायची कुणाची छाती आहे?

अन् आपण? मुंबईच्या गिरण्यांत धोट्याचा धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना विणाईखात्यात घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. पुढे १९३६ साली त्यांनी दाखवून दिलं, की जात नुसती कामं वाटत नाही, कामगारांनाच एकमेकांपासून तोडते. ही तोडणी आपल्यातही उरली आहे. आपल्या मोर्चात घिसाडी किती? पालावर आपली शाखा कुठंय? भटके आपल्यापासून चार पावलांवर, पण आपण गेलोच नाही.

येत्या बाजाराला जा. विळा घेताना घासाघीस करू नका. घण मारणाऱ्या बाईचं नाव विचारा अन् वहीत लिहा. तिची पोरं शाळेत जातात का, तेही विचारा.