निवळी आणि गाळ



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने पाण्याच्या गाळाचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या विषयाकडे मी एका शब्दाच्या बोटाला धरून आलो, आणि त्या शब्दानेच माझी फसगत केली. ती हकीकत पुढे सांगतो.

आपल्या प्रयोगशाळेत चुन्याची निवळी असते. वर राहिलेले स्वच्छ पाणी ते निवळी, आणि तळाशी बसलेला तो गाळ. निवळी हे एका झाडाचेही नाव आहे. त्याचे बी उगाळून गढूळ पाण्यात मिसळले की पाणी निवळते. संस्कृतात त्याला कतक म्हणतात. सुश्रुतसंहितेत पाणी निवळविणारे सात पदार्थ सांगितले आहेत, त्यांत कतक आहे. माझ्या आईच्या हाती निवळीच्या जागी तुरटी आली होती. पावसाळ्यात ती घागरीत तुरटीचा खडा चार वेळा फिरवी, आणि सकाळी वरचे पाणी अलगद काढून तळचे अळवाच्या बुंध्याशी ओतून देई. निवळी माणसांना आणि गाळ झाडाला, अशी ती वाटणी होती.

ही वाटणी आमच्या दख्खनच्या हाडीमासी खिळलेली आहे. उन्हाळ्यात तळी आटली की शेतकरी तळातला गाळ गाड्या भरभरून शेतात नेत. त्या गाळात बारीक चिकणमाती असते, कुजलेला पाला असतो. हलकी जमीन त्याने ओल धरू लागते. तेलंगणाने २०१५ साली ‘मिशन काकतीय’ हाती घेतले आणि महाराष्ट्राने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, ती याच जुन्या व्यवहाराला सरकारी बळ देण्यासाठी.

आता आपल्या शहराकडे वळू. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला जो पूर आला, त्याच्या आठवणी नदीकाठच्या मलकपेठ-चादरघाट भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. पुरानंतर निजाम सरकारने १९०९ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. हे गृहस्थ पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले. खडकवासल्याला त्यांनी बसविलेल्या स्वयंचलित दारांमुळे त्यांचे नाव झाले होते. मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि तिची जोडनदी ईसीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पूर अडविणाऱ्या या दोन तलावांनी शहराला पिण्याचे पाणीही दिले. उस्मानसागराचे पाणी आसिफनगरला गाळले जाई आणि हिमायतसागराचे मीर आलम येथे. विश्वेश्वरय्यांचा पुतळा आपण पाहतो, त्यांचे धरण पाहतो. गाळणघराच्या मागच्या दारातून काय बाहेर पडते, हे मात्र इतिहास लिहिणाऱ्यांनी पाहिले नाही. मीही त्यांतलाच.

वाळूच्या थरातून पाणी संथपणे झिरपू देण्याची पद्धत जुनी. लंडनमध्ये जेम्स सिम्पसनने १८२९ साली ती मोठ्या प्रमाणावर चालविली. तीत रसायन लागत नसे. वरचा थर खरवडला की काम झाले. शहरे वाढली, घाई वाढली, आणि तुरटी घागरीतून कारखान्यात आली. चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांवर सारखाच ऋण विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून दिवसच्या दिवस खाली बसत नाहीत. तुरटी तो भार शमविते, स्वतः अल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पुंजके होते आणि मातीला कवेत घेऊन तळ गाठते.

थोडे गणित करू. एक कोटी लिटर पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम या हिशेबाने तुरटी घातली, तर २०० किलो तुरटी लागते. तिच्यापासून सुमारे ५० किलो कोरडे हायड्रॉक्साइड बनते. नदीची माती वेगळीच. पण टाकीच्या तळाचा गाळ इतका पाणीदार असतो की शंभरात एखादाच भाग घन असतो. म्हणजे त्या ५० किलोंपोटीच पाच टन लगदा हलवावा लागतो! आपल्या देशातील अनेक शुद्धीकरण केंद्रांनी त्यावर सोपा उपाय केला: जवळचा नाला.

आता माझी फसगत. काही वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका केंद्रातून वाळलेल्या गाळाच्या चार गोण्या मी हौसेने आणविल्या. गाळ म्हणजे खत, हे मी भाषेच्या भरवशावर गृहीत धरले होते. टोमॅटोची रोपे खुरटली, पानांची मागची बाजू जांभळट झाली. पुढे कृषिरसायनाकडे वळलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ती पाहिली आणि हसून म्हणाला, “सर, तळ्याचा गाळ वेगळा, तुरटीचा वेगळा. हा जमिनीतला स्फुरद धरून ठेवतो, पिकाला सोडत नाही.” आईच्या घागरीतला चिमूटभर गाळ अळवाने सोसला, गोण्यांची गोष्ट निराळी. शब्दांवर पोट भरणाऱ्याला एकाच शब्दाच्या पोटातले दोन पदार्थ ओळखता आले नव्हते.

मलकपेठेत आपण रोज ‘नलगोंडा चौरस्ता’ म्हणतो, म्हणून थोडे नलगोंड्याविषयी. त्या जिल्ह्यातील भूजलात फ्लोराइड फार. त्याने हाडे वाकलेली माणसे तेथे गावोगाव होती. नागपूरला १९५८ साली स्थापन झालेल्या आणि पुढे ‘नीरी’ या नावाने प्रसिद्ध पावलेल्या संस्थेने १९७० च्या दशकात जी युक्ती पुढे आणली, तिला ‘नलगोंडा तंत्र’ हेच नाव पडले. चुना आणि पुष्कळ तुरटी घालून पाणी ढवळावे, तासभर निवळू द्यावे. तुरटीची मात्रा साध्या शुद्धीकरणाच्या कितीतरी पट, त्यामुळे गाळही तसाच, आणि फ्लोराइड आता त्या गाळात. तो विहिरीजवळच टाकला तर काढलेले विष पुन्हा विहिरीच्या वाटेला लागण्याची भीती. आणि २००४ पासून कृष्णेचे पाणी आपल्या शहराला येते, ते त्याच जिल्ह्यातील कोदंडापूरला शुद्ध होऊन. निवळी आपल्याकडे येते, गाळ नलगोंड्याकडे राहतो. ही वाटणी आईच्या वाटणीसारखी निरुपद्रवी नाही, असे माझे मत आहे.

गाळाला उपयोग नाहीत असे नव्हे. ज्या गुणाने त्याने माझे टोमॅटो उपाशी ठेवले, त्याच गुणाने तो सांडपाण्यातला स्फुरद टिपतो. डब्लिनमध्ये संशोधकांनी या गाळाच्या थरांतून सांडपाणी झिरपवून हे दाखविले आहे. मातीत मिसळून त्याच्या विटा भाजता येतात. गंधकाम्लाने त्यातली तुरटी काही अंशी परत मिळविता येते, मात्र तिच्याबरोबर नको ते धातूही सुटतात. नेदरलंड्समधील पाणीसंस्थांनी १९९५ साली एकत्र येऊन आपला सर्व गाळ विकण्यासाठी स्वतंत्र संस्थाच काढली. लोह आणि चुन्याचा गाळ त्यांच्याकडे अधिक, म्हणून त्यांचा धडा आपल्याला जसाच्या तसा गिरविता येणार नाही.

यांतल्या बहुतेक वाटांना आधी गाळ वाळवावा लागतो. वाळूचे वाफे आणि दख्खनचे ऊन, एवढ्यावर ते होण्यासारखे आहे. अडचण एवढीच की नद्या गढूळ होतात पावसाळ्यात. तुरटी सर्वांत जास्त लागते तेव्हा, गाळही सर्वांत जास्त तेव्हाच, आणि ऊन नेमके तेव्हा नसते. वाळवणे घालणाऱ्या कोणत्याही गृहिणीने हे अभियंत्यांना आधीच सांगितले असते.